हीटर २००० वॅटचा, हिशेबात १६६३ : तीन ओहमपैकी खरा कुठला?

रंगखाना_अक्कलकोटरोड

नमस्कार. टॉवेलच्या सुताचं सॅम्पल रंगवायला एमआयडीसीत ६० लिटरची स्टीलची टाकी आहे, त्यात बुडवायचा एक ट्यूबचा हीटर. पट्टीवर २३० व्होल्ट, २००० वॅट. ३० अंशाचं पाणी ८० ला न्यायला २ तास २५ मिनिटं लागायलेत. कागदावर मांडलं तर पावणेदोन तासांत व्हायला पाहिजे.

मापं घेतली ती अशी. बोर्डावरचं व्होल्टेज हीटर बंद असताना २२४, चालू केल्यावर २१६. टाँग टेस्टरवर (वायरीभोवती जबडा लावून करंट दाखवणारा मीटर) करंट ७.७ अँपिअर. नंतर प्लग काढून हीटरच्या दोन टोकांत मल्टिमीटरनं रेझिस्टन्स घेतला, २६.९ ओहम.

आता हिशेब. पट्टीवरून २३० × २३० ÷ २००० = २६.४५ ओहम. चालू मापावरून २१६ ÷ ७.७ = २८.०५ ओहम. मीटर म्हणतो २६.९. पॉवर २१६ × ७.७ = १६६३ वॅट.

एका हीटरचे तीन ओहम कसे? यातला खरा कुठला? दुकानदारानं कमी वॅटचा गळ्यात मारला का? आणखी एक, ट्यूबवर क्षाराचा पांढरा थर चढलाय. आपल्याकडं बोअरचं पाणी कसं असतं ते माहीतच आहे. त्यानं पॉवर पडते का? बोर्डापासून टाकीपर्यंत २० मीटरची थ्री-कोअर एक्स्टेन्शन आहे.


आयटीआय_वीजतंत्री

हीटरवाल्याला शिव्या घालायच्या आधी एक्स्टेन्शनकडं बघा. तुमचे तिन्ही आकडे आपापल्या जागी बरोबर आहेत. फक्त ते तीन वेगवेगळ्या गोष्टींचे आहेत.

२६.४५ हा कारखान्यानं धरलेला रेझिस्टन्स. पाण्यात बुडालेल्या, तापलेल्या हीटरच्या टोकांवर बरोबर २३० व्होल्ट मिळाले तर २००० वॅट, एवढाच त्याचा अर्थ. हीटरच्या वॅटमध्ये साधारण ५ टक्के जास्त ते १० टक्के कमी इतका फरक बनवणाऱ्याला चालतो, म्हणजे १८०० ते २१०० वॅटचा कुठलाही नग ‘२०००’ म्हणून विकता येतो.

२६.९ हा थंड हीटरचा, आणि त्यात मीटरच्या दोन वायरींचा रेझिस्टन्स मिसळलाय. दोन्ही प्रोब एकमेकांना घट्ट टेकवा, जो आकडा येईल (बहुतेक ०.२ ते ०.५) तो वजा करा. शंभर ओहमच्या पुढं याला कोणी विचारत नाही, पण २६ मध्ये ०.३ म्हणजे टक्काभर झाला.

२८.०५ हा हीटर अधिक वायर. व्होल्ट तुम्ही बोर्डावर मोजले, पण करंट जातो २० मीटर जाणाऱ्या तारेतून, हीटरमधून आणि २० मीटर येणाऱ्या तारेतून. भागाकारात ही ४० मीटर तार आणि प्लगच्या पिना फुकटात घुसल्या. ओहमचा नियम लावताना एकच पथ्य: ज्या वस्तूचा रेझिस्टन्स पाहिजे, व्होल्टेज तिच्याच दोन टोकांवर मोजायचं.

वायरीचा वाटा काढायला बाहेरच्या आवरणावर छापलेला एमएम (तारेच्या छेदाचं क्षेत्रफळ, चौरस मिलिमीटरमध्ये) वाचा. तांब्याच्या लवचिक तारेचा रेझिस्टन्स २० अंशाला, दर १००० मीटरला असा धरतात: १ एमएम – १९.५ ओहम, दीड – १३.३, अडीच – ७.९८, चार – ४.९५. तांब्याचा रेझिस्टन्स दर अंशाला साधारण ०.३९ टक्के वाढतो, म्हणून ५० अंशाला तापलेल्या वायरीसाठी ११–१२ टक्के जास्त धरा. जाऊन-येऊन दोन्ही लांबी घ्यायची. याच ठिकाणी सगळ्यात जास्त जण चुकतात, २० मीटरच घेतात आणि ड्रॉप (वायरीत पडणारं व्होल्टेज) निम्मा काढतात.

आता मोजायचं कसं. टाकीवर वाकून हीटरच्या उघड्या टर्मिनलला प्रोब लावू नका, तिथं हात ओला असतो आणि खाली स्टील. एक्स्टेन्शनच्या टाकीकडच्या टोकाला दोन सॉकेट असतील तर एकात हीटर चालू ठेवा, दुसऱ्यात प्रोब घाला. ते व्होल्टेज म्हणजे जवळपास हीटरच्या टोकांवरचंच.

टाँग टेस्टरचा आकडा ७.७ म्हणजे ७.६५ ते ७.७५ मधलं काहीही. तो बारीक करायचा तर फूटभर सुटी फेज वायर मधे जोडा आणि जबड्यातून पाच वेढे काढा. मीटर पाचपट दाखवील, पाचनं भागा. वेढे मोजताना जबड्याच्या आतून वायर किती वेळा गेली ते मोजा, बाहेरून नाही. आणि फेज-न्यूट्रल एकत्र जबड्यात घेतले तर शून्य येतं. मीटर बिघडलेला नसतो, जाणारा आणि येणारा करंट एकमेकांना खाऊन टाकतात.

क्षाराबद्दल. थरामुळं पॉवर जवळजवळ बदलत नाही. आतल्या निक्रोमच्या (निकेल-क्रोमियम मिश्रधातूच्या) तारेचा रेझिस्टन्स तापमानानं फार थोडा वाढतो, लाल होईपर्यंत तापली तरी चार-सहा टक्के. आणि हीटर पाण्यात बुडालेला असेल तर जेवढी वीज गेली तेवढी उष्णता पाण्यातच उतरते, थर असो नसो. थरामुळं होतं ते वेगळंच. उष्णता बाहेर पडायला ट्यूबला जास्त तापावं लागतं, आतली तार त्याहून तापते आणि एक दिवस तुटते. म्हणून क्षार काढा, पण हीटर टिकावा म्हणून. वेळ वाचेल या आशेनं नको.


जुना_वायरमन_अशोकचौक

मालक, वर सरांनी सांगितलंय ते बरोबर. माझं म्हणणं त्याच्या आधीचं आहे. बोर्डावरच २२४ चं २१६ झालं ना? म्हणजे एक्स्टेन्शन सुरू व्हायच्या आधीच ८ व्होल्ट गेले. ८ ÷ ७.७ = १.०४ ओहम. एवढा रेझिस्टन्स चांगल्या वायरिंगमध्ये नसतो. वीजमीटरपासून बोर्डापर्यंत वायर किती एमएमची आणि किती लांब ते बघा, आणि वीजमीटरच्या बाहेर निघणाऱ्या जागी पण व्होल्टेज घ्या, हीटर बंद आणि चालू. कुठल्या टप्प्यात पडायलंय ते दोन मिनिटांत कळेल.

एक सांगून ठेवतो. मल्टिमीटरची लाल वायर १० अँपिअरच्या भोकात राहिली असेल आणि तुम्ही व्होल्टेज बघायला सॉकेटमध्ये प्रोब घातले, तर तो सरळ शॉर्ट सर्किट आहे. स्वस्तातल्या मीटरला त्या भोकाला फ्यूजसुद्धा नसतो. दर वेळी आधी भोक बघायचं, मग प्रोब. आणि ओहमवर ठेवलेला मीटर चालू लाइनला लावायचा नाही, प्लग काढून आणि दोन्ही टोकं सुटी करूनच.


रंगखाना_अक्कलकोटरोड

दोघांचे आभार. सगळं सांगितल्याप्रमाणं घेतलं.

प्रोब टेकवून ०.३, म्हणजे थंड हीटर २६.६ ओहम. एक्स्टेन्शनवर १ एमएम छापलंय. टाकीकडच्या दुसऱ्या सॉकेटवर हीटर चालू असताना २०९ व्होल्ट. पाच वेढ्यांवर ३८.४, म्हणजे ७.६८ अँपिअर. मीटरच्या बाहेर बंद असताना २२४, चालू असताना २२२. तिथून बोर्डापर्यंत १५ मीटर, दीड एमएम.

२०९ ÷ ७.६८ = २७.२ ओहम, पॉवर १६०५. आधी १६६३ होती, आता आणखीच कमी झाली की ओ!


आयटीआय_वीजतंत्री

कमी झाली नाही, खरी झाली. बोर्डातून १६६० च्या आसपास निघतात, हीटरला १६०५ पोचतात, मधले पन्नासेक वॅट एक्स्टेन्शन खाते.

ताळा करून बघा. १ एमएम, ४० मीटर: ०.०४ × १९.५ = ०.७८ ओहम, तापलेली म्हणून ०.८७. त्यावर ड्रॉप ७.६८ × ०.८७ = ६.७ व्होल्ट. २१६ वजा ६.७ म्हणजे २०९.३, आणि तुम्ही मोजलेत २०९. इतकं जमलं म्हणजे प्लग-सॉकेटचा दोष नाही, वायरच बारीक आहे. आणि वायरीतली पॉवर करंटच्या वर्गावर जाते: ७.६८ × ७.६८ × ०.८७ = ५१ वॅट. ती एक्स्टेन्शन गुंडाळी करून ठेवली असेल तर हे ५१ वॅट एका गठ्ठ्यात जमतात आणि आवरण मऊ पडतं. वापरताना पूर्ण उलगडायची.

थंड २६.६ आणि गरम २७.२ यातला दोन-सव्वादोन टक्क्यांचा फरक निक्रोम तापल्याचा. हाच प्रकार जुन्या फिलॅमेंटच्या बल्बमध्ये केला असता तर हिशेब पार कोलमडला असता. १०० वॅटच्या बल्बचा चालू रेझिस्टन्स २३० × २३० ÷ १०० = ५२९ ओहम, आणि थंड बल्बवर मीटर त्याच्या दहावा-बारावा हिस्साच दाखवतो. टंगस्टन आणि निक्रोम यांच्या स्वभावातला हा फरक आहे. म्हणून हीटरचा थंड रेझिस्टन्स घेऊन वॅट काढलेले चालतात, बल्बचे चालत नाहीत.

आता तुमचा मूळ प्रश्न. या हीटरला टोकांवर पूर्ण २३० मिळाले तर २३० × २३० ÷ २७.२ = १९४५ वॅट. पट्टीपेक्षा पावणेतीन टक्के कमी, सवलतीच्या आत. दुकानदार निर्दोष.

मग १९४५ चे १६०५ का? कारण पॉवर व्होल्टेजच्या वर्गानं पडते. २०९ ÷ २३० = ०.९०९, त्याचा वर्ग ०.८२६. व्होल्टेज ९ टक्के कमी, पॉवर साडेसतरा टक्के कमी. तोंडी हिशेबाला सोपं: व्होल्टेज एक टक्का हललं की हीटरची पॉवर दोन टक्के हलते.

पुष्कळ जण इथं एक उलटा घोळ घालतात. पॉवर म्हणजे व्होल्ट गुणिले अँपिअर, मग व्होल्टेज पडलं तर तेवढी पॉवर राखायला करंट वाढत असेल, असं त्यांना वाटतं. हीटरमध्ये रेझिस्टन्स ठरलेला असतो, त्यामुळं व्होल्टेजबरोबर करंटही पडतो. करंट वाढायचा प्रकार पूर्ण लोडवरच्या मोटरचा, त्याचं गणित निराळं.

वेळेचं म्हणाल तर ६० लिटर पाणी ५० अंश वाढवायला ६० × ४.१८६ × ५० = १२,५५८ किलोज्यूल, म्हणजे साडेतीन युनिट. ते १६०५ वॅटनं २ तास १० मिनिटं घेतात. तुमची वरची १५ मिनिटं टाकीच्या अंगावरून आणि उघड्या तोंडातून वाफेवाटे जातात. झाकण ठेवा. सगळ्यात स्वस्त दुरुस्ती तीच आहे.


जुना_वायरमन_अशोकचौक

आता माझ्या टप्प्याचं. मीटरपाशी २ व्होल्ट पडले, ते खांबाकडून येणाऱ्या सर्व्हिस वायरीचे. तिथं काही करायचं नाही. मीटर ते बोर्ड मात्र ६ व्होल्ट. दीड एमएम, १५ मीटर, जाऊन-येऊन ३०: ०.०३ × १३.३ = ०.४० ओहम, तापलेली धरून ०.४३. त्याचे ३.३ व्होल्ट झाले. राहिलेले २.७ व्होल्ट कुठंतरी एका लूज जोडाला बसलेत.

२.७ × ७.६८ म्हणजे २१ वॅट. ऐकायला काहीच नाही वाटत. पण रेडिओवाल्याचं छोटं सोल्डरिंग आयर्न २५ वॅटचं असतं आणि त्याच्या टोकाला शिसं पाणी होतं. तेवढी उष्णता तुमच्या एका स्क्रूखाली दोन-दोन तास कोंडली जायलीय. तिथलं प्लॅस्टिक पिवळं-तपकिरी पडलेलं असणार, वायरीचं आवरण अर्धा इंच मागं सरकून कडक झालेलं, आणि तांब्याचा रंग जाऊन काळं पडलेलं. माझा संशय न्यूट्रल लिंकवर (सगळ्या न्यूट्रल वायरी जिथं आवळतात ती पितळी पट्टी). फेजचे स्क्रू लोक आवळतात, न्यूट्रलकडं कुणी बघत नाही.

शोधायची रीत. मीटर व्होल्टवर, हीटर चालू. एक प्रोब वायरीच्या उघड्या तांब्यावर, दुसरा ज्या पट्टीवर ती आवळलीय त्या पितळेवर. चांगला जोड असेल तर काही मिलिव्होल्ट दिसतील. एक-दोन व्होल्ट दिसले की चोर सापडला. हे काम चालू लाइनवरचं आहे, नुसत्या रबरी चपलेच्या भरवशावर स्वतः करायचं नाही. वायरमनला बोलवा. सापडल्यावर मेन बंद करून काळं पडलेलं टोक कापायचं, नवं तांबं सोलायचं, दुमडून घालून आवळायचं. जळकं टोक तसंच आवळलं तर महिन्यात परत तेच.

आणि एक्स्टेन्शन फेकून चार एमएमची टाका, कटकट मिटली.


आयटीआय_वीजतंत्री

न्यूट्रल लिंकचं बरोबर बोललात. चार एमएम मात्र इथं जास्त होते. ४० मीटरला अडीच एमएम ०.३२ ओहम, चार एमएम ०.२० ओहम. ८ अँपिअरला ड्रॉप अडीच व्होल्ट विरुद्ध दीड-पावणेदोन. त्या एका व्होल्टानं हीटरला पंधराएक वॅट जास्त मिळतील. चार एमएमची थ्री-कोअर वायर १६ अँपिअरच्या प्लगमध्ये बसवताना जी मारामारी होते ती वेगळीच. दोन पदर कापून स्क्रूखाली घालतात आणि तिथंच पुढचा लूज जोड तयार होतो. अडीच घ्या.


जुना_वायरमन_अशोकचौक

पदर कापणारा वायरमन नव्हेच. पण ठीक, अडीच चालेल.


माग_साखरपेठ

मधेच विचारतो, विषय तोच आहे. मागाच्या मोटरला हेच सूत्र लावलं तर काहीच्या बाही यायलंय. १ एचपी, थ्री फेज, ४१५ व्होल्ट, लोडवर १.७५ अँपिअर. ४१५ ÷ १.७५ = २३७ ओहम. मल्टिमीटर दोन टोकांत दाखवतो २४.६. आणि ४१५ × १.७५ = ७२६ वॅट, म्हणजे १ एचपीच्या ७४६ पेक्षा पण कमी! आत ७२६ घालून बाहेर ७४६ काढणारी मोटर मला मिळाली म्हणायची.

दुसऱ्या एका मोटरला तीन जोड्यांत २४.६, २२.९, २२.९ असं आलं. ती जरा जास्त तापते. काय समजायचं?


कॉइलवाला_कन्नाचौक

अशी मोटर मिळाली तर पत्ता द्या, आम्ही रिवाइंडिंगचं दुकान बंद करतो.

अण्णा, हीटरमध्ये नुसता रेझिस्टन्स असतो, मोटरमध्ये लोखंडावर गुंडाळलेली कॉइल असते. तिला एसी मिळालं की बदलतं चुंबकत्व स्वतःच करंटला अडवतं. व्होल्ट ÷ अँपिअर केल्यावर जे येतं ते तांब्याचा रोध, हा चुंबकी अडथळा आणि फिरणाऱ्या रोटरवरचा लोड या सगळ्यांचं मिळून असतं. त्याला इम्पिडन्स म्हणतात, आणि लोड बदलला की ते बदलतं. मल्टिमीटर डीसीवर मोजतो, म्हणून त्याला फक्त तांबं दिसतं.

शिवाय तुम्ही लाइनचं व्होल्टेज घेतलं. एवढी मोटर बहुतेक स्टारमध्ये (तिन्ही कॉइलचं एकेक टोक एकत्र जोडलेलं) असते. एका कॉइलला ४१५ ÷ १.७३२ = २४० व्होल्ट मिळतात, म्हणून २४० ÷ १.७५ = १३७ ओहम. आणि मल्टिमीटरला दोन टोकांत दोन कॉइल ओळीनं दिसतात, म्हणजे एका कॉइलचं तांबं १२.३ ओहम. १३७ आणि १२.३, अकरापट फरक. हा फरक असतो म्हणूनच मोटर चालते. नुसतं तांबं असतं तर २४० ÷ १२.३ = साडेएकोणीस अँपिअर गेले असते आणि कॉइलचा कोळसा झाला असता. रोटर जाम झाल्यावर किंवा एक फेज गेल्यावर मोटर का जळते ते यावरून लक्षात येईल: अडथळा खाली येतो, करंट कित्येक पट होतो.

पॉवर थ्री फेजला अशी: १.७३२ × व्होल्ट × अँपिअर × पॉवर फॅक्टर (व्होल्ट-अँपिअरपैकी खरे वॅट किती, ते प्रमाण). भरलेल्या १ एचपीला पॉवर फॅक्टर ०.७८ धरा. १.७३२ × ४१५ × १.७५ × ०.७८ = ९८१ वॅट आत, ७४६ बाहेर, कार्यक्षमता ७६ टक्के. लहान मोटरला ठीक आहे. माग रिकामा असताना हीच मोटर एक-सव्वा अँपिअर दाखवील, तेव्हा लोक म्हणतात लोड नसतानाही एवढी वीज खाते. खात नाही. तेव्हा पॉवर फॅक्टर ०.२ च्या आसपास उतरलेला असतो. टाँग टेस्टरला वॅट कळत नाहीत, फक्त अँपिअर कळतात. आणि अँपिअरवरून वॅट नुसत्या हीटरचेच काढता येतात.

आता दुसरी मोटर. स्टारमध्ये तिन्ही मापांची बेरीज करून निम्मी करा: २४.६ + २२.९ + २२.९ = ७०.४, निम्मे ३५.२. एका कॉइलचा रेझिस्टन्स काढायला ३५.२ मधून उरलेल्या दोघींच्या जोडीचं माप वजा करायचं. दोघींचे ३५.२ − २२.९ = १२.३, तिसरीचा ३५.२ − २४.६ = १०.६. तिसरी कॉइल १४ टक्के कमी. चांगल्या मोटरमध्ये तिघींत दोन-तीन टक्क्यांच्या वर फरक नसावा. म्हणजे तिच्यात काही वेढे आपसांत शॉर्ट झालेत. तापण्याचं कारण तेच, शॉर्ट झालेल्या वेढ्यांत ट्रान्सफॉर्मरसारखा करंट फिरतो. आधी टर्मिनलचे नट साफ करून परत मोजा, कारण एक ओहम गंजलेल्या नटात पण दडतो. पण गंजानं माप वाढतं, तुमचं कमी झालंय. रिवाइंडिंगची तयारी ठेवा. डेल्टातली (कॉइल टोकाला टोक जोडून त्रिकोण केलेली) मोटर असेल तर हे वजाबाकीचं गणित लागू नाही, टर्मिनलच्या जोडपट्ट्या काढून एकेक कॉइल सुटी मोजायची.

तांब्याचा आणखी एक उपयोग. मोटर आतून किती तापते ते याच रेझिस्टन्सवरून निघतं. थंड माप आणि त्या वेळचं हवेचं तापमान लिहून ठेवा. मोटर तीन-चार तास चालवून बंद करा, अर्ध्या मिनिटात परत मोजा. गरम ÷ थंड, गुणिले (२३५ + थंड मापाच्या वेळचं तापमान), वजा २३५. समजा ३५ अंशाला २४.६ होतं आणि आता २९.१ आलं: २९.१ ÷ २४.६ × २७० − २३५ = ८४ अंश. बी क्लासच्या इन्सुलेशनला १३० पर्यंत परवानगी असते, म्हणजे जागा आहे. पण हे सरासरी माप झालं, आत एखादी जागा दहा-पंधरा अंश जास्त असते. एप्रिल-मेमध्ये शेडच्या पत्र्याखाली हवाच ४५ असते, तेवढी भर पडते. बॉडीला हात लावून ‘चटका बसतो म्हणजे मोटर गेली’ म्हणणाऱ्यांचं मी ऐकत नाही, ६० अंशाला पण हात टिकत नाही.


आयटीआय_वीजतंत्री

खरे वॅट घरबसल्या काढायचे असतील तर वीजमीटरचा लाल दिवा मोजा. मीटरच्या तोंडावर ‘एका युनिटला ३२००’ अशासारखा आकडा छापलेला असतो. बाकी सगळं बंद ठेवून एकच यंत्र चालवा आणि एका मिनिटात किती वेळा लुकलुकतो ते मोजा. वॅट = लुकलुक × ६०,००० ÷ ३२००. यात पॉवर फॅक्टर आपोआप धरला जातो, म्हणून मोटरलाही चालतं. रंगखानावाल्यांना मीटरपाशी २२२ × ७.६८ = १७०५ वॅट, म्हणजे मिनिटाला ९१ च्या जवळपास दिसायला पाहिजेत. छापलेला आकडा वेगळा असेल तर तोच घ्या.


रंगखाना_अक्कलकोटरोड

मीटरवर ३२०० च आहे. मोजले ९१.

न्यूट्रल लिंकवरच निघालं. स्क्रूखालचं टोक काळं, शेजारची पट्टी तपकिरी. टोक कापून आवळलं, अडीच एमएमची एक्स्टेन्शन टाकली. आता बोर्डावर चालू २१८.५, टाकीकडं २१६, करंट ७.९४ (पाच वेढ्यांवर ३९.७). २१६ ÷ ७.९४ = २७.२, पॉवर १७१५. वेळ २ तास १५ मिनिटं, झाकणाशिवाय.

आणखी दोन हीटर टाकून थ्री फेजवर घ्यायचा विचार आहे. तिन्ही हेच २३० चे घेऊ का?


जुना_वायरमन_अशोकचौक

चालतील, पण स्टारमध्ये, आणि न्यूट्रल अडीच एमएमचाच पक्का. चुकून डेल्टात जोडले तर एकेका हीटरला ४१५ व्होल्ट बसतात: ४१५ ÷ २३० = १.८, त्याचा वर्ग ३.२६. दोन हजाराचा हीटर साडेसहा हजार वॅट ओढील आणि दोन-चार मिनिटांत ट्यूब फुटेल. तिन्ही सारखे चालू असताना न्यूट्रलमध्ये करंट जवळजवळ नसतो, म्हणून तो सुटला तरी कळत नाही. कळतं ते एक हीटर बंद केल्यावर. न्यूट्रल सुटलेला असेल तर राहिलेले दोघे ४१५ वर ओळीनं येतात आणि प्रत्येकाला २०७ मिळतात, पाणी हळू तापतं एवढंच. पण त्याच न्यूट्रलवर एका फेजला ट्यूबलाइट किंवा पंखा असेल तर त्याला साडेतीनशे-चारशे व्होल्ट जाऊ शकतात. हीटरच्या न्यूट्रलवर बाकी काही जोडायचं नाही.

३० मिलिअँपिअरचा फोर पोल आरसीसीबी (करंट गळायला लागला की लाइन तोडणारा स्विच) टाका. आणि नवे हीटर पाण्यात सोडण्याआधी ५०० व्होल्टच्या मेगरनं (इन्सुलेशन तपासायचा मीटर) बॉडी ते टर्मिनल बघून घ्या, एक मेगाओहमच्या वर यायला पाहिजे. गोदामात पडून राहिलेल्या हीटरच्या आतली पांढरी पूड दमट होते आणि पहिल्याच दिवशी आरसीसीबी पडतो. तसं झालं तर टर्मिनलकडचं टोक उन्हात तापवा किंवा ओव्हनमध्ये १०० अंशाला चार-पाच तास ठेवा, पूड वाळली की माप वर येतं. नाहीच आलं तर बदलून आणा.


रंगखाना_अक्कलकोटरोड

मेगर मिळवतो कुणाकडून तरी. हीटर आले की तिन्हींचा थंड रेझिस्टन्स इथं टाकतो.